मस्टर आणि गावची वही
(कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)

मंडळी, आज हिशेबाचं बोलायचंय. हिशेब म्हटलं की आपली माणसं मागं सरकत्यात. ते सायबाचं काम, आपलं काम अंगठा उठवायचं. पण रोजगार हमीचा पैसा येतो कुठून ते आधी बघा.

शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर कापला जातो. १९७५ पासून हा कर घेतात तो रोजगार हमीसाठी. असे जे कर या योजनेसाठी गोळा होतात, तेवढीच भर सरकारनंही घालायची असं ठरलेलं आहे. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. योजनेचे जनक वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले, पहिला प्रयोगही तासगाव तालुक्यातलाच. म्हणजे हा पैसा दान नव्हे, आपल्या नावानं गोळा केलेला आहे.

मग तो नीट लागला का, हे कोण बघतं? महालेखापाल तपासतात. त्यांचा अहवाल विधिमंडळात जातो, लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना जाब विचारते. हे चांगलंच आहे, पण तिथवर जाईस्तोवर वर्षं उलटतात. आणि तपासणाऱ्यापुढं असतो कागद : मस्टर, मोजमापाची एमबी, पावत्या. कागदाला कागद जुळला की झालं. डोंगरावर खड्डा आहे का नाही, हे खणणाऱ्यालाच ठाऊक.

आमच्याच एका वाडीच्या वर एका खात्यानं रोपं लावली. खड्डे आम्हीच खणले. मार्चअखेर पैसा संपवायची घाई, म्हणून रोपं उन्हाळ्याच्या तोंडावर लागली! पावसापर्यंत काड्या उरल्या. कागदावर मात्र काम शंभर टक्के पुरं, खर्चही पुरा. यात चोरी किती नि अडाणीपणा किती, देव जाणे. मजुरी मिळाली म्हणून आम्हीही गप्प बसलो, हेही कबूल केलं पाहिजे.

खानापूर तालुक्यातले दुष्काळी मजूर गप्प बसले नाहीत. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीत त्यांनी विचारलं : वर्षानुवर्षं खडी फोडली, दुष्काळ हटला का? मग हा पैसा पाण्याच्या कामाला का नाही? त्याच चळवळीतून बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभं केलं. नदीची वाळू विकून पैसा जमवला, आणि पाण्यात भूमिहीनालाही वाटा धरला. खर्चाची खरी तपासणी ती. किती संपले हे नव्हे, काय उरलं हे त्यांनी विचारलं.

आपल्याला एवढंच करायचंय. वाडीवाडीत एक वही ठेवा. कोण कामावर आलं, किती दिवस, किती मोजमाप, हातात किती पडले. शिकलेली पोर असेल तिला लिहायला बसवा. खाडा झाला तर खाडाच लिहा, आपलं खोटं आधी नको. पगाराच्या दिवशी मस्टर मोठ्यानं वाचायला लावा. न आलेल्याचं नाव निघालं की तिथंच बोट ठेवायचं. पुढच्या बैठकीला येताना भाकरीबरोबर ती वही आणा. तहसीलला जायचं ते वह्या घेऊनच.