प्रभूविषयीं लोकांत पडलेली फूट
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत सायंकाळच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा व उपकारस्मरणाचा प्रसंग होय. अशा मंगल समयीं फुटीविषयीं बोलावयास हे कां उभे राहिले, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. परंतु संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांतील प्रकार एका महोत्सवांतच घडला आहे. म्हणून तोच अध्याय आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मंडपांचा सण हा यहुदी लोकांच्या तीन मोठ्या यात्रांपैकीं एक. पीक घरांत आलें म्हणजे शरदऋतूंत तो येई. वाडवडील अरण्यांत राहुट्यांतून राहिले, त्याची आठवण म्हणून लोक डहाळ्यांचे मांडव घालून सात दिवस त्यांत राहत. रोज सकाळीं याजक शिलोह तळ्याचें पाणी सोन्याच्या झारींतून वाजतगाजत आणीत व वेदीवर ओतीत. त्या काळच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या २००४ सालीं यरुशलेमेंत खोदकाम चालू असतां सांपडल्या. सणाच्या अखेरच्या महान दिवशीं प्रभु येशूनें उभें राहून तहानलेल्यांस आपणाकडे बोलाविलें, तें याच पाण्याच्या पार्श्वभूमीवर.

त्या सणांत त्याच्याविषयीं नाना मतें झालीं. कोणी त्यास सज्जन म्हणत, कोणी लोकांस फसविणारा म्हणत. कोणी त्यास संदेष्टा मानिलें, कोणी ख्रिस्त मानिलें. ही फूट परक्यांत व आपल्यांत नव्हती, हें आधीं ध्यानांत घ्या. बोलणारे सारेच यहुदी होते. प्रभु स्वतः, त्याची पवित्र माता व त्याचे प्रेषितही यहुदीच होते. म्हणून या अध्यायावरून त्या लोकांस दूषण देण्याचा अधिकार कोणासही पोंचत नाहीं. प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादतां येत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं स्पष्ट सांगितलें आहे. हा अध्याय म्हणजे आपल्यापुढें धरलेला आरसा आहे.

त्या आरशांत प्रथम दिसतात ते प्रभूचे भाऊबंद. त्यांनीं त्यास जगापुढें येण्याचा आग्रह केला, पण त्यांचा स्वतःचा विश्वास मात्र नव्हता. जवळीक असली म्हणजे ओळख असतेच असें नाहीं. आपण तीन पिढ्यांचे ख्रिस्ती असूं, देवळाची घंटा आपल्या अंगणांत ऐकूं येत असेल. तेवढ्यानें प्रभु आपणांस कळला असें होत नाहीं.

दुसरे यरुशलेमचे रहिवासी. हा कोठला तें आम्हांस ठाऊक आहे, एवढ्यावर त्यांनीं विचार संपविला. मनुष्याचें गांव व कुळ कळलें कीं मनुष्य कळला, ही समजूत आपल्याकडेही नवी नाहीं.

तिसरे शास्त्राधार घेऊन बोलणारे. ख्रिस्त दाविदाच्या वंशांत, बेथलेहेमांत जन्मावा, असें ते म्हणत. आणि तें खरेंच होतें. परंतु ज्याच्याविरुद्ध तो आधार ते लावीत होते, त्याचा जन्म कोठें झाला हें त्यांनीं विचारिलेंच नाहीं. वचन पाठ होतें, चौकशी मात्र अर्धी राहिली. परूशी तर याहून पुढें गेले. गालीलांतून संदेष्टा उद्भवत नाहीं, असें त्यांनीं ठासून सांगितलें. वस्तुतः योना संदेष्टा गथ-हेफेरचा, आणि तें गांव गालीलांतच, नासरेथपासून फार दूर नव्हतें. राग चढला म्हणजे विद्वानासही आपलाच ग्रंथ आठवत नाहीं.

चवथा समुदाय सर्वांत मोठा; तो कुजबुजत होता. अधिकाऱ्यांच्या भयानें उघडपणें कोणी बोलेना. या लोकांनीं प्रभूचा द्वेष केला नाहीं, पण त्याचा पक्षही घेतला नाहीं.

आतां दोन सुखद चित्रें पाहूं. प्रभूस धरून आणण्यास पाठविलेले शिपाई रिकाम्या हातीं परत आले. असें बोलणारा मनुष्य आम्हीं पूर्वीं कधीं ऐकिला नाहीं, एवढेंच त्यांचें उत्तर. विद्या नाहीं, पदवी नाहीं. पण धरण्यापूर्वीं त्यांनीं ऐकिलें होतें. आणि त्याच सभेंत निकदेम उठला. मनुष्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून आपलें नियमशास्त्र त्यास दोषी ठरवितें काय, इतकाच त्याचा प्रश्न. त्यानें प्रभूस ख्रिस्त म्हटलें नाहीं. केवळ न्याय मागितला. त्याबद्दल त्यास टोमणाच मिळाला. परंतु शुभवर्तमानांत त्याची वाट पाहा. पहिल्यानें तो रात्रीं लपून येतो. मग सभेंत एक प्रश्न विचारतो. आणि शेवटीं, सारे शिष्य पांगले असतां, सुमारें तेहतीस किलो गंधरस व अगरु घेऊन प्रभूच्या दफनास येतो. ज्यानें आधीं ऐकून घेण्याचा आग्रह धरिला, त्यासच पुढें धैर्य मिळालें.

बंधुभगिनींनो, मतभेदानें धर्मग्राम मोडत नाहीं. बाळ येशू मंदिरांत आणिला गेला त्याच दिवशीं वृद्ध शिमोनानें सांगून ठेविलें होतें कीं, या बालकास विरोध होईल. धर्मग्राम मोडतो तो न ऐकतां केलेल्या निवाड्यानें. आपल्या ओट्यांवर, लग्नाच्या मांडवांत, मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारांत किती निवाडे होतात आणि त्यांत प्रतिवादी किती वेळां हजर असतो? पूर्वीं आपल्याबरोबर गुडघे टेकणारीं कांहीं माणसें आज या मांडवांत नाहींत. कोणी जमिनीच्या वादांत दुरावलीं, कोणी लग्नाच्या प्रश्नानें, कोणी एका कटु शब्दानें. त्यांतील कित्येकांस आपण काय झालें हें विचारिलेंच नाहीं. तीं कोणत्या घरचीं एवढेंच आपणांस ठाऊक होतें. तसेंच शंका विचारणारे तरुण. त्यांस नास्तिक म्हणणें सोपें आहे. त्यांचा प्रश्न पुरता ऐकून घेणें कठीण आहे.

महोत्सवानिमित्त आपण देवळास रंग दिला, वेदी सजविली, ही स्मरणिका छापिली. यांत एकाची भर घाला. हें वर्ष संपण्यापूर्वीं प्रत्येक घरानें आपण मनांत दोषी ठरविलेल्या एका मनुष्याच्या दारीं जावें, आणि उपदेश न करितां त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें. त्याचें सारें पटलेंच पाहिजे असें नाहीं. निकदेमासही त्या दिवशीं सारें कळलें नव्हतें. परंतु तहानलेल्यांस बोलावणारा प्रभु ज्या वाटेनें आपणांकडे येतो, ती वाट आपणच बंद केली असें होऊं नये.

दयाळु पिता आपणां सर्वांस ऐकणारे कान व निर्भय अंतःकरण देवो. आमेन.