दहाला बंद पडलेला सिनेमा

आजच्या भागात पाहुणा नाही, मुलाखत नाही. मी एकटाच बोलणार आहे, गावच्या जत्रेत आम्ही मोकळ्या रानात सिनेमा दाखवला त्याबद्दल. म्हणजे अर्धाच दाखवला. पुढचं ऐका.

आधी थोडं मागे जाऊ. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, माणदेशाच्या कडेचं. आमच्याकडे जत्रा म्हणजे पाळणे, रेवड्या, कुस्त्या, तमाशाचा फड आणि तंबूतला सिनेमा. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथे या टूरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तो तंबू पाहिला. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, समोर कापडी पडदा, खाली जमीन. खुर्ची वगैरे काही नाही, घरून पोतं आणायचं नाहीतर चपलेवर बसायचं. आणि बाहेर माईकवर एक माणूस सारखा ओरडतोय, ‘चला चला, शो सुरू होतोय!’ शो काही अर्धा तास सुरू व्हायचा नाही.

पस्तीस एमएमची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी पळते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला फिल्म किती लागत असेल, हिशेब करा! ती सगळी डब्यांत भरून ट्रकमधून गावोगाव फिरायची. त्याच्याही आधी दादासाहेब फाळके आपले सिनेमे बैलगाडीतून खेड्यापाड्यांत नेत होते. फिरता सिनेमा आपल्याकडे नवीन नाही, तो संपत आला हे नवीन आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच तंबूवाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात गेला आणि तिथे त्याचा खास उल्लेख झाला. मिळाला तर नक्की बघा.

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र पुण्यात चहा पीत बसलो होतो आणि एक जण म्हणाला, यंदा जत्रेत आपणच सिनेमा दाखवू. मी म्हटलं, ‘श्वास’ दाखवू. संदीप सावंतांचा, २००४ सालचा. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता तो. गोष्ट कोकणातल्या एका आजोबांची आणि नातवाची. पोराच्या डोळ्यांना कॅन्सर झालाय. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे नातू.

मित्र म्हणाले, ‘जत्रेत रडका सिनेमा? लोक उठून जातील.’ मी अडून बसलो.

आता तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल तर कामाचं सांगतो. एक, सिनेमा डाउनलोड केला आणि लावला, असं चालत नाही. चार लोकांत दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. आम्ही मेल केले, फोन केले, एका खेळाची परवानगी मिळाली. दोन, पडदा जमिनीपासून चार फूट तरी वर पाहिजे, नाहीतर मागच्याला पुढच्याचं टोपरंच दिसतं. तीन, पडदा पाइपच्या चौकटीला रबराच्या दोऱ्यांनी बांधा. वारा आला की रबर ताणतं, कापड फाटत नाही. आमचा पहिला पडदा आम्ही सुतळीनं बांधला होता. तो कुठे गेला ते विचारू नका. चार, जनरेटर लांब ठेवा, शाळेच्या भिंतीमागे वगैरे. आणि पाच, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सगळे स्पीकर पडद्यापाशी ठेवले तर शंभर फुटांवर बसलेल्याला ओठ आधी हललेले दिसतात आणि शब्द मागून येतो. फार नाही, पण जाणवतं.

हे सगळं आम्ही शिकलो. एक गोष्ट मात्र शिकलो नव्हतो. ती म्हणजे सत्कार.

चैत्रातली जत्रा. साडेसातला चांगला अंधार पडतो. आम्ही साडेसातची वेळ दिली होती. मैदान भरलं. पुढे पोरं, डावीकडे बाया, मागे मोटरसायकलींवर गडी. तेवढ्यात स्टेजवर शाल आणि नारळ आले. एकाचा सत्कार झाला, मग ज्यानं सत्कार केला त्याचा सत्कार झाला. ‘दोन शब्द’ बोलायला उठलेला माणूस वीस मिनिटं बोलला. सिनेमा सुरू झाला तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते.

पण मंडळी, कुणी उठलं नाही! पहिली दहा मिनिटं गलका होता, मग हळूहळू शांत झालं. पाळण्याचं गाणंसुद्धा कुणीतरी जाऊन बंद करायला लावलं. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो आणि पडद्याकडे बघतच नव्हतो. लोकांच्या तोंडांकडे बघत होतो.

दहा वाजले आणि हवालदार आले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आहे, २००० सालापासूनचा. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट मिळते. आमचा दिवस त्यांत नव्हता. आम्ही हातापाया पडलो, पण ते नियमाला धरूनच बोलत होते. आम्ही मशीन बंद केलं.

आणि बंद कुठे पडलं? ऑपरेशन पुढे ढकललेलं आहे आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून गायब झालेत! सगळे त्यांना शोधतायत. अंधार.

लोक काही बोलले नाहीत, पोती झटकून घरी गेले. ते जास्त लागलं मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी मी चहाला निघालो, तर शेजारच्या आजी ओट्यावर बसलेल्या. पंच्याहत्तरी गाठलेली बाई. हाक मारली, ‘आरं, इकडं ये. त्या पोराचं काय झालं पुढं?’

मी सांगणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘मी सांगितलंय बायकांना. आज्यानं त्याला दुसऱ्या डाक्टरकडं न्यालं. डोळं वाचलं. व्हय का न्हाई?’

मला उत्तर देता आलं नाही. कारण डोळे वाचत नाहीत. आणि रात्री जे घरी होते त्यांच्यापर्यंतही आजींचा शेवट पोचला होता. नळावर, भाकरी थापताना, सगळीकडे पोरगा बरा झालेला होता.

मी म्हटलं, ‘आजी, रात्री ये. उरलेला दाखवतो.’ बोलून गेलो खरा. मित्र भडकले. प्रोजेक्टरचं अजून एका दिवसाचं भाडं, परत परवानगीसाठी फोन, आणि कशासाठी, तर अर्ध्या तासासाठी? एक जण म्हणाला, ‘गावाच्या ग्रुपवर शेवट लिहून टाक ना, विषय संपला.’ मी म्हटलं, आजी ग्रुपवर नाहीत. आणि खरं सांगू, मलाही वाटत होतं की राहू द्यावं. गावानं पोराला डोळे दिलेत, आपण कोण काढून घेणारे?

पण तो आजोबा त्याला घेऊन का पळतो, ते बघितल्याशिवाय ही गोष्ट कळतच नाही. दुपारी परवानगी मिळाली. भाडं चौघांनी वाटून घेतलं.

त्या रात्री ना स्टेज, ना शाल. मोकळ्या मैदानाऐवजी शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर लावला, वारा नको म्हणून. साठ-सत्तर माणसं असतील, त्यांत बायाच जास्त. बरोबर साडेसातला सुरू केला.

आजोबा नातवाला शहर दाखवत फिरतो. ऑपरेशनच्या आधी जेवढं जग त्या डोळ्यांत भरता येईल तेवढं भरतो. मग ऑपरेशन होतं, आणि दोघं गावी परत येतात. भिंत परत पांढरी झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई पदरानं तोंड पुसत होती. आजी उठल्या, माझ्या खांद्याला धरून चपला शोधल्या आणि म्हणाल्या, ‘माझं चुकलं बग. पर आज्याचं न्हाई चुकलं.’ आणि गेल्या.

मी आजवर बरेच सिनेमे मोबाइलवर पाहिलेत. बसमध्ये, अंथरुणात, निम्मे फास्ट फॉरवर्ड करून. तुम्हीही बघता, त्यात वाईट काही नाही. पण मोबाइलवर सिनेमा थांबवला तर तो आपला एकट्याचा थांबतो. मैदानात थांबला तर गाव रात्रभर त्याचा शेवट शोधत बसतं. मला ते जत्रेत कळलं, आणि तेही हवालदारांच्या कृपेनं.

यंदाही आम्ही सिनेमा दाखवणार आहोत. परवानगीचे मेल गेलेत, रबराच्या दोऱ्या आणल्यात. कमिटीत एक ठरावही करून घेतलाय, सगळे सत्कार सिनेमा संपल्यावर. आधी जरा कुरकुर झाली, पण आजी बैठकीला आल्या होत्या. त्यांच्यापुढे कोण बोलतंय?

तुमच्या गावच्या जत्रेत कधी तंबूतला सिनेमा पाहिला असेल, किंवा घरच्यांनी सांगितला असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटू. काळजी घ्या!