दाढ काढल्यावर स्वतःच्याच रक्ताचा मलम

खालची अक्कलदाढ काढली की तिथल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी निखळली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. अशा जखमेसाठी आता रुग्णाचंच रक्त वापरता येतं.

हाताच्या शिरेतून साधारण दहा मिलिलिटर रक्त घेतात. त्यात गोठू न देणारं औषध घालत नाहीत, म्हणून घाई फार; नळी लगेच यंत्रात फिरवावी लागते. बारा मिनिटांनी तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी येतं आणि मधोमध फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, मऊ, लवचीक गोळा तयार होतो. तो हलकेच दाबून पातळ पापुद्रा करतात, खड्ड्यात बसवतात आणि वरून टाके घालतात. त्यात अडकलेल्या प्लेटलेट्स पेशींची वाढ करणारी प्रथिनं कित्येक दिवस हळूहळू सोडत राहतात. ही पद्धत फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 साली मांडली.

मधुमेहींच्या पायावरच्या चिवट जखमांवरही अशा चकत्या लावून पाहिल्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत वीस आठवड्यांत 34 टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण 22 टक्के होतं. फरक मोलाचा आहे, पण हा रामबाण उपाय नव्हे. साखर आटोक्यात हवीच, तंबाखू बंद हवीच. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना आधी सांगा.