रस्ता हवा, नदीची जागाही हवी



आम्ही बँकेतील साधे कारकून. कायद्याचे पंडित नाही, इंजिनिअरही नाही. परंतु कागद वाचणे हे आमचे रोजचे काम आहे आणि आज कागदाविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

कान्हे फाट्याहून टाकव्याला येताना इंद्रायणीचा पूल लागतो. भर पावसात तेथे उभे राहून पाहा. नदी पात्रात मावत नाही. ती काठच्या सखल जमिनीत पसरते, मुरते आणि मग सावकाश पुढे जाते. आपल्याला ती जागा मोकळी दिसते. वस्तुतः ती नदीची ठेव आहे. तेथे भराव घालून रस्ता केला तर पाणी नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या घरात शिरते. आणि सखल भागात घरे कोणाची असतात, हे आपणांस सांगावयास नको.

पुण्यात मुठेच्या काठाने विठ्ठलवाडी ते महामार्गाचा बायपास असा 24 मीटर रुंदीचा रस्ता निघाला होता. तो निळ्या पूररेषेच्या आत येत होता. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. काही नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. जुलै 2013 मध्ये निकाल लागला : शक्य तेवढा रस्ता रेषेबाहेर सरकवा, उरलेला खांबांवर उचलून घ्या. म्हणजे रस्ता नको असे कोणी म्हटले नाही; पाण्याची वाट अडवू नका, एवढेच म्हटले. उलट, आपल्याच इंद्रायणीकाठी चिखली येथे निळ्या रेषेत बंगले उभे राहिले आणि मे 2025 मध्ये महापालिकेला 36 बंगले पाडावे लागले. हरकत वेळेवर झाली नाही की असे नुकसान होते.

आज पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याची आखणी आपल्या तालुक्यात उर्स्यापर्यंत आली आहे. उद्या आणखी रस्ते येतील. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या नियमांत नदीचे पात्र आणि भातखाचरे धरलेली नाहीत. ज्या मावळाने 1987 साली वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी तांदूळ दिला, त्या मावळातील खाचरांना त्या नियमांचे संरक्षण नाही! म्हणून अर्जात नुसते 'पाणथळ जमीन' लिहून भागणार नाही. पूररेषा, ओढा, गट नंबर, मोरीची जागा, सारे लिहावे लागेल.

दुसरी गोष्ट मुदतीची. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस मिळतात, तेही त्या जमिनीत हितसंबंध असणाऱ्याला. मग ज्याच्या नावावर सातबाराच नाही, पण पुराचे पाणी ज्याच्या उंबऱ्याशी येणार, त्याने काय करावे? ज्या रस्त्याला पर्यावरणाची जनसुनावणी लागते, तेथे किमान 30 दिवस आधी नोटीस निघते. त्या सुनावणीत भूमिहीनालाही बोलता येते. आपल्या माणसांनी तेथे गैरहजर राहू नये.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य संघ युद्धास उभा राहिला असता सिद्धार्थाने सुचविले की, दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशांनी निवाडा करावा. ते बहुमताने फेटाळले गेले. आज चौकशी मागण्याचा हक्क कायद्याने आपल्या हाती आहे. तो न वापरता नंतर नशिबाला बोल लावणे आपल्याला शोभणारे नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला आमची विनंती आहे. या पावसाळ्यात पाणी कोठवर चढते त्याच्या खुणा तारखेसह वहीत लिहा. म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुरांविषयी विचारा. गावचा नकाशा वाचायला शिका. आणि अर्ज दिलात की त्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कारकून म्हणून सांगतो, पोच नसलेला अर्ज न दिल्यासारखाच.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. जयभीम.