रुग्णाचें गुपित आणि शिकाऊ डॉक्टर

वैद्यकाचा विद्यार्थी वॉर्डांत प्रथम पाऊल टाकतो, तेव्हां त्याच्या अंगावर पांढरा कोट असतो. पदवी मात्र अजून दूर असते. रुग्णाला हा भेद कळतोच असें नाहीं. तो त्या तरुणालाहि डॉक्टर समजतो, आणि जें सख्ख्या भावाला कधीं सांगितलें नाहीं, तें त्याच्यापुढें बोलून मोकळा होतो. विश्वास असा पदवीच्या आधींच पदरीं पडतो. म्हणून त्याची जबाबदारीहि पदवीसाठीं थांबत नाहीं.

प्राचीनांनीं हें ओळखलें होतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, आठव्या अध्यायांत, गुरु शिष्याला अग्नीसमक्ष उपदेश करतो. रुग्णाच्या घरीं ओळखीच्या माणसाबरोबर व अनुमतीनेंच जावें. आंत गेल्यावर वाणी, मन व बुद्धि रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र गुंतवूं नये. आणि त्या घरांतील गोष्टी बाहेर सांगूं नयेत. हा उपदेश मुरलेल्या वैद्याला नसून नवशिक्या शिष्याला आहे, हें विशेष. हिपॉक्रॅटिसच्या नांवानें चालत आलेल्या ग्रीक शपथेंतहि हेंच बंधन आहे. १९४८ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें जिनीव्हा येथें केलेल्या प्रतिज्ञेंत तें पुन्हां आलें, आणि १९६८ सालीं रुग्णाच्या मृत्यूनंतरहि तें पाळावें अशी त्यांत भर पडली.

पूर्वीं तोंडून निसटलेली गोष्ट चार घरांत फिरून विरून जाई. आज विद्यार्थ्याच्या खिशांतील फोन ती क्षणांत गांवोगांव पोंचवितो, आणि मागाहून पुसली तरी ती पुसली जातेच असें नाहीं. समजा, एका तरुणीच्या हातावर दुर्मिळ व्रण दिसला. विद्यार्थ्यानें अभ्यासाच्या हौसेनें त्याचें छायाचित्र घेतलें, चेहरा वगळला, नांव झांकलें आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविलें. परंतु हातावरचें गोंदण तसेंच राहिलें. तिच्या गांवच्या कोणीं तें ओळखलें, तर ठरत आलेली सोयरीक मोडावयास तेवढें पुरे. विद्यार्थ्याच्या मनांत कपट नव्हतें. पण त्यामुळें त्या मुलीचें दुःख हलकें होत नाहीं.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनीं, ओळख पटेल अशा रीतीनें रुग्णाचें छायाचित्र वा वृत्तान्त त्याच्या परवानगीवांचून नियतकालिकांत प्रसिद्ध करण्यास मनाई केली. मित्रांचा गट म्हणजे नियतकालिक नव्हे, अशी पळवाट कोणी काढील. पण इजा पोंचते ती कागदामुळें नव्हे, ओळख पटल्यामुळें.

मौनालाहि मर्यादा आहेत. न्यायालयाची आज्ञा, दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, कायद्यानें कळवावयाचा रोग, अशा प्रसंगीं त्याच नियमांनीं अपवाद ठेविले. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सरकारला कळवावी लागते. परंतु असें कळविणें अधिकाऱ्याकडे असतें, चव्हाट्यावर नव्हे; आणि तो निर्णय विद्यार्थ्यानें एकट्यानें न घेतां शिक्षकांना विचारूनच व्हावयाचा.

यासाठीं थोर तपश्चर्या लागत नाहीं. 'मी अजून शिकतों आहें, आपणांस तपासूं का?' एवढें नम्रपणें विचारावें. नकार मिळाल्यास राग न धरतां दूर व्हावें. उपाहारगृहांत, लोकलमध्यें, फोनवर रुग्णाची गोष्ट काढूं नये. रोगाचें ज्ञान पुस्तकें देतात. दुसऱ्याचें दुःख सांभाळण्याची विद्या मात्र रुग्णच शिकवितो, आणि तिची गुरुदक्षिणा मौनानेंच द्यावयाची असते.