गेदलाँचे बांधकाम



किल्ला म्हटला की आपल्या मनापुढे वेढे, सुलतानढवे आणि फितुरीच्या कथा उभ्या राहतात. परंतु ज्या गवंड्याने तो तट चढविला त्याचा दिवस कसा उगवे आणि कसा मावळे, हा प्रश्न ना आपल्या बखरकारांनी विचारला, ना युरोपातील मठांत बसून इतिवृत्ते लिहिणाऱ्या साधूंनी. या प्रश्नाचे उत्तर दप्तरांत न धुंडाळता प्रत्यक्ष किल्ला बांधूनच मिळवावे, असा जो उद्योग फ्रान्समध्ये १९९७ सालापासून चालू आहे, तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

बर्गंडी प्रांतात त्रेन्यी गावाजवळच्या रानात गेदलाँ नावाची जागा आहे. जवळच्याच सँ-फार्जो येथील वाड्याची १९९५ साली तपासणी झाली, तेव्हा विटांच्या भिंतींच्या पोटात एक मध्ययुगीन दगडी किल्ला दडलेला आढळला. आणि तसा किल्ला मुळापासून बांधून पाहावा, ही वाड्याचे मालक मिशेल गियो यांची कल्पना मारिलीन मार्तँ या बाईंनी उचलून धरली व पुढे सारा कारभारही अंगावर घेतला. झाक मुलँ या वास्तुविशारदाने नकाशा काढला, तो १२२३ साली निवर्तलेल्या दुसऱ्या फिलिप राजाच्या पद्धतीचा: चौकोनी तट, कोपऱ्यांवर गोल बुरूज, त्यांतला एक इतरांहून थोर, आणि बुरुजांना तिरंदाजांसाठी जंग्या. बांधकाम १२२८ साली सुरू झाले असे मानावयाचे आणि त्या काळी जे हत्यार नव्हते ते हाती धरावयाचे नाही, असा करार झाला.

जागा निवडली तीच मुळी एका ओसाड पडलेल्या खाणीत. लोहयुक्त वालुकाश्म पायाखाली, ओकवृक्षांचे रान भोवताली, वाळू, माती आणि पाणी हाकेच्या अंतरावर! सह्याद्रीतील गडांवर टाके खोदताना निघालेला दगड तटाला लावीत, त्यामागची अक्कल हीच. कारण वाहतुकीचा खर्च कोणत्याही जहागीरदाराला कोसाकोसाला बुडवीत नेतो.

या खाणीतला माणूस पाहण्यासारखा असतो. तो प्रथम घण उचलीत नाही; हातोडीने दगडावर हलकेच ठोकतो आणि कान देतो. दगड खणखणला तर तो निकोप आणि कठीण, बद्द वाजला तर आत चीर तरी आहे किंवा तो नरम तरी आहे. मग दगडाचा थर कोणत्या अंगाने जातो ते न्याहाळून एका ओळीत खाचा पाडावयाच्या, त्यांत लोखंडी पाचरी बसवावयाच्या आणि प्रत्येकीवर पाळीपाळीने घाव घालीत जावयाचे. घाई करून एकाच पाचरीवर जोर लावला तर दगड हवा तेथे न फुटता भलतीकडे फुटतो. हा लोहयुक्त दगड पाथरवटाच्या टाक्या असा खातो की लोहाराला त्या पुनःपुन्हा तापवून, ठोकून, पाणी पाजून द्याव्या लागतात. भाता थंडावला की पाथरवट खोळंबतो, पाथरवट खोळंबला की परांचीवरचा गवंडी हात बांधून बसतो. मध्ययुगीन बांधकामाच्या हिशेबवह्यांत लोहाराची मजुरी आणि कोळशाचा खर्च का चढलेला असतो, याचा उलगडा येथे होतो.

आखणीसाठी तेरा गाठींची दोरी. तिच्या बारा समान अंतरांतून तीन, चार आणि पाच अशा बाजूंचा त्रिकोण ताणला की काटकोन सिद्ध होतो, आणि यज्ञवेदी आखणाऱ्या आपल्या शुल्बसूत्रकारांनाही हे गणित अपरिचित नव्हते. जड दगड वर जातो तो लाकडी चक्राच्या पोटात चालणाऱ्या माणसांच्या पावलांच्या बळावर.

या साऱ्या मंदगतीचे पुष्कळ प्रेक्षकांना कौतुक वाटते, ते मला थोडे भाबडे वाटते. हौस म्हणून कोणी सावकाश जात नव्हते. चुना सावकाश धरतो. ओल्या थरावर भराभर भार चढविला तर भिंत फुगते, आणि कच्च्या चुन्यात गोठलेले पाणी दरजा उकलून टाकते, म्हणून त्या काळी हिवाळ्यात भिंतींचे माथे गवताने झाकून बांधकाम थांबवीत. शिवाय खऱ्या जहागीरदाराने, खजिन्यात पैका असता तर, शेकडो माणसे लावून हे काम पुष्कळ लवकर उरकले असते. गेदलाँला राबणारे हात मोजके, आणि त्यांचा तनखा निघतो तो मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटांतून; तेव्हा बोलता बोलता टाकी चालविणे हाही कामाचाच भाग होतो. सुरक्षेचे आजचे कायदेही तेथे लागू आहेत. करारातील या पळवाटा उघड आहेत, आणि त्या लपविल्या जात नाहीत, हे मला आवडते.

खरी कसोटी लागते ती दगडी छताच्या कमानींच्या वेळी. सुतार आधी लाकडी कालबूत उभारतो, त्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड चढत येतात आणि माथ्याचा दगड बसतो. पुढे कालबुताखालच्या पाचरी एकेक करून सैल करावयाच्या. लाकूड बोटभर खाली येते, दगड किंचित दबून एकमेकांवर रेलतात, आणि कालबूत व कमान यांमध्ये उजेडाची फट दिसली की काम साधले. ग्रंथांतील आकृतीत ही कमान पूर्णावस्थेत असते. तिच्या प्रसूतिवेदना तेथे कोण दाखविणार?

या ज्ञानाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना अनपेक्षित उत्तर मिळाले. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिराचे ओकचे जुने छप्पर जळून भस्म झाले. पहिल्या महायुद्धात आगीला बळी पडलेल्या रँस येथील मंदिरावर काँक्रीटचा सांगाडा चढविला गेला होता, तेव्हा येथेही नवे साहित्य वापरावे असे म्हणणारे होतेच. अखेर निर्णय झाला तो ओकच वापरण्याचा, आणि मुख्य दालन व गर्भगृह यांवरील तुळया कुऱ्हाडीने हातांनीच तासून काढण्याचा. ओल्या ओकाचे खोड आडवे पाडून, दोरीने रेघ मारून, कुऱ्हाडीने तासले म्हणजे घाव लाकडाच्या धाग्याला धरून जातो. करवत मात्र धागा वाकडा असला तरी सरळच कापीत सुटते आणि तुळईचे बळ कमी करते. हे काम करणाऱ्यांत गेदलाँच्या रानात हात तयार झालेले सुतार होते. मंदिर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. त्या तुळया दगडी छताच्या वर असल्यामुळे खाली उभ्या असलेल्या भाविकांना त्या दिसत नाहीत.