एका डब्याची आगगाडी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी शाळेत भूगोल शिकवतो. जपानचे नाव काढले की मुले लगेच ताशी तीनशे कि.मी. धावणाऱ्या शिंकान्सेन गाडीविषयी विचारतात. आज मी ज्या गाडीविषयी बोलणार आहे, ती बहुधा एकाच डब्याची असते, डिझेलवर चालते आणि खेडोपाडी थांबते. मी जपानला गेलेलो नाही. जे सांगतो ते वाचून आणि नकाशा समोर ठेवून.

जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येस इवाते नावाचा प्रांत आहे. त्याच्या समुद्रकिनाऱ्याला सानरिकू म्हणतात. तेथे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि दऱ्यांतून समुद्र आत शिरून खाड्या झाल्या आहेत. खाडीकाठी मच्छीमारांचे गाव आणि दोन गावांच्या मध्ये डोंगर. ज्यांनी कोकण पाहिले आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र चटकन उभे राहील. या गावांना जोडणारी सानरिकू रेल्वे साकारी ते कुजी अशी 163 कि.मी. लांब आहे. वाटेत बोगदेच बोगदे. बोगदा संपला की समुद्र, आणि लगेच दुसरा बोगदा.

टोकियोहून जाणारा प्रवासी शिंकान्सेनने मोरिओका शहर गाठतो आणि तेथून दुसऱ्या गाडीने डोंगर ओलांडून मियाको बंदरात उतरतो. पुढे सानरिकू रेल्वे. परदेशी पाहुण्यांना मिळणारा जे. आर.चा पास येथे चालत नाही, कारण ही कंपनी वेगळी. गाड्या थोड्या, म्हणून आधी वेळापत्रक पाहावे. एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ बसावे लागते. गाडीत कंडक्टर नसतो. मागच्या दाराने चढायचे आणि यंत्रातून निघणारी क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावरील फलकावर त्या क्रमांकासमोर भाडे दिसते. उतरताना चिठ्ठी आणि पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे.

मित्रांनो, ही गाडी मुख्यतः पर्यटकांसाठी नाही. सकाळी तीत हायस्कूलची मुले-मुली असतात आणि इस्पितळात जाणारी वृद्ध माणसे असतात. येथील काही मार्ग पूर्वी सरकारी रेल्वेचे होते. त्यांत तोटा होत होता आणि ते बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा प्रांत, किनाऱ्यावरील गावांच्या नगरपालिका आणि खाजगी भागीदार यांनी मिळून कंपनी काढली आणि 1 एप्रिल 1984 रोजी गाडी सुरू केली. सरकारी रेल्वेचे मार्ग अशा रीतीने चालवायला घेणारी ही जपानमधील पहिली कंपनी.

11 मार्च 2011 रोजी भूकंप झाला आणि त्सुनामी आली. रूळ उखडले, पूल पडले. शिमानोकोशी नावाचे स्टेशन तर मुळासकट वाहून गेले. गावांत हजारो माणसे दगावली. रस्ते ढिगाऱ्यांनी भरलेले होते आणि पेट्रोल मिळत नव्हते. कंपनीपुढे प्रश्न होता : सगळा मार्ग दुरुस्त होईपर्यंत थांबायचे, की जेवढा शाबूत आहे तेवढ्यावर गाडी सोडायची? त्यांनी दुसरा मार्ग निवडला. 16 मार्च रोजी, म्हणजे अवघ्या पाच दिवसांत, कुजीकडील एका छोट्या टप्प्यावर गाडी धावली. 20 मार्चला मियाको ते तारो हा टप्पा सुरू झाला. त्या महिन्यात कोणाकडून भाडे घेतले नाही. कंपनीचा सगळा मार्ग पुन्हा जोडायला मात्र एप्रिल 2014 उजाडला.

या कामात एक दूरचा हातही लागला. कुवेतने जपानला 50 लाख पिंपे खनिज तेल मदत म्हणून दिले. त्या पैशांतील काही वाटा या रेल्वेला मिळाला आणि नवे डबे आले. त्यांवर कुवेतचे आभार जपानी, इंग्रजी आणि अरबी भाषेत लिहिले. जपानच्या एका खेड्यातल्या मुलीने शाळेला जाताना रोज आपल्या डब्यावर अरबी अक्षरे पाहावीत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

2019 च्या मार्चमध्ये मधला तुटलेला मार्गही या कंपनीकडे आला आणि 163 कि.मी.चा एक सलग मार्ग झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वादळाने पुन्हा मोठी हानी केली. पुन्हा दुरुस्ती, आणि 20 मार्च 2020 रोजी गाडी पुन्हा टोकापासून टोकापर्यंत धावली. अडचण तरी संपलेली नाही. गावांची वस्ती घटते आहे, मुले कमी होत आहेत. तिकिटांच्या पैशांत खर्च भागत नाही. प्रांत आणि गावे आपल्या तिजोरीतून भर घालतात. इतका पैसा घालावा का, हा वाद तेथेही आहे. पण गाडी बंद झाली तर मूल शाळेत कसे जाईल, हे त्यांना आधी पाहावे लागते.

पालकहो, आता घरचे बोलतो. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही. मी घरी गेलो. वडील म्हणाले, “गुरुजी, संध्याकाळची एस. टी. शाळा सुटण्याआधीच निघून जाते. पुढची गाडी अंधारात येते. मुलीला कशी पाठवू?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच गावातील आणखी चार मुलींचे हेच झाले होते, आणि पाच घरांपैकी कोणीही आगारात अर्ज केलेला नव्हता. मीही उशिरा विचारले, हा माझा दोष. पाचही पालकांच्या सह्या घेऊन आम्ही आगारात गेलो. तीनदा खेपा घातल्या. पुढच्या जूनपासून गाडी चाळीस मिनिटे उशिरा सुटू लागली. चार मुली परत आल्या. ती पहिली मुलगी मात्र आली नाही. तोवर तिचे लग्न ठरले होते.

म्हणून माझी एकच विनंती. मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी शेजारच्या घरी जाऊन विचारा, त्यांचीही हीच अडचण आहे का. असेल तर दोघे मिळून शाळेत या. अर्ज मी लिहून देईन.